ऐकू येते, पण उमजत नाही



बेणे, खोडव्याची राखण, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि बिलाच्या तारखा हे विषय या पानांवर नेहमीच येतात. या अंकात थोडी वाकडी वाट करून घरातल्या पोरांचा विषय घेतला आहे. गावोगाव सभासदांच्या ओसरीवर चहाला बसलो की एक तक्रार आमच्या कानी हमखास येते. "पोरगं तसं हुशार आहे हो, पण ऐकतच नाही. दहादा सांगावं तेव्हा एकदा हलतं." कोणी म्हणते, लक्ष नसते. कोणी म्हणते, मोबाइलने वाया गेले. आजी म्हणते, बापावर गेलंय. पुष्कळदा हे सारे खरेही असते, कारण पोर म्हटले की थोडी टाळाटाळ आलीच.

परंतु या पोरांत थोडी पोरे अशीही असतात, की जी न ऐकण्याचे सोंग करीत नाहीत. त्यांचे कान शाबूत असतात. डॉक्टरांनी तपासले तर "कानाला काही झालेले नाही" असाच कागद हाती येतो. तरीसुद्धा बोललेले त्यांना धडपणे उमजत नाही. इंग्रजीत याला 'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' म्हणतात. मराठीत श्रवण-प्रक्रिया विकार म्हणू या. नाव अवघड आहे, पण गोष्ट आपल्या कारखान्याच्या भाषेत सांगितली तर लगेच ध्यानात येईल.

उसाची गाडी काट्यावर चढली, वजन झाले, पावती हातात पडली. आता वजन झाले म्हणजे साखर झाली काय? अजून ऊस गव्हाणीत पडायचा आहे, मिलमधून रस निघायचा आहे, तो निवळून, आटवून, पॅनमध्ये दाणा धरायचा आहे, मळी वेगळी व्हायची आहे. तेव्हा कुठे पोते भरते. काट्यावर वजन चोख असूनही साखर उतारा कमी पडला, तर आपण काटा तपासत बसत नाही. कुठल्या तरी खात्यात आत गडबड आहे हे ओळखतो. कान हा काटा आहे. पुढचा सगळा कारखाना मेंदूत आहे. या मुलांचा काटा बरोबर असतो, पण उतारा पडत नाही.

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागची तीन इवलीशी हाडे तो आतल्या शंखापर्यंत नेतात. त्या शंखात केसासारख्या सूक्ष्म पेशींच्या रांगा असतात, एका कानात साधारण १५ हजार. त्या हलल्या की आवाजाची विजेची खूण तयार होते आणि सुमारे ३० हजार तंतूंच्या मज्जेतून मेंदूकडे निघते. इथपर्यंतचे काम कानाचे. इथून पुढे मेंदूला एकाच वेळी पुष्कळ कामे करावी लागतात. आईचा आवाज कोणता आणि मिक्सरचा कोणता हे निवडायचे, आवाज कोणत्या बाजूने आला ते ठरवायचे, एकामागून एक आलेले ध्वनी त्याच क्रमाने धरून ठेवायचे, अर्धवट आलेला शब्द अंदाजाने पुरा करायचा, आणि मग त्याचा अर्थ लावायचा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला नंतर पोहोचतो. तो फरक जास्तीत जास्त म्हटले तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी असतो. तेवढ्यावरून मेंदू बाजू ओळखतो. 'पार' आणि 'बार', 'काडी' आणि 'गाडी', 'तार' आणि 'दार' या जोड्यांत फरक काय, तर कंठातला कंप केव्हा सुरू झाला एवढाच, आणि तोही सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात मोजावा लागतो. आपल्याला हे सगळे आपोआप जमते म्हणून त्याचे मोल कळत नाही.

ज्याला ते आपोआप जमत नाही, त्या पोराचे काय होत असेल? सभासदांपैकी ज्यांनी हंगामात कारखाना आतून पाहिला आहे, त्यांनी मिलजवळ उभे राहून कोणाशी बोलण्याचा प्रसंग आठवावा. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, आवाजही येतो, पण शब्द पुरते हाती लागत नाहीत. आपण मान डोलावतो, "हो हो" म्हणतो आणि बाहेर आल्यावर विचारतो, "काय म्हणाला होता?" अशा मुलासाठी पन्नास पोरांचा वर्ग म्हणजे रोजचे मिलहाऊस असते.

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण पोराला पुढे त्याच गावात राहायचे आहे. सहावीतला मुलगा. वर्गात "मठ्ठ" असा शिक्का बसलेला. वडील म्हणत, "शाळा पुरे झाली, आता गोठ्याचं बघ." पण आईच्या मनाला ते पटत नव्हते. तिचे म्हणणे साधे होते. संध्याकाळी गोठ्यात आम्ही दोघंच असलो की तो सगळं ऐकतो, सांगितलेलं बिनचूक करतो, उलट मलाच प्रश्न विचारतो. मग घरात चार माणसं जमली, टीव्ही लागला, की तेच पोर बधिर कसं होतं? शिवाय वह्या पाहिल्या तर आणखी एक गोष्ट दिसत होती. फळ्यावरून उतरवून घेतलेले लिखाण स्वच्छ, अक्षर मोत्यासारखे. श्रुतलेखनाचे पान मात्र लाल रेघांनी भरलेले. 'भात'चे 'बात', 'घडी'चे 'गडी', आणि मधले शब्दच गाळलेले. हात तोच, डोके तेच. फरक एवढाच, की एक मजकूर डोळ्यांनी आत गेला होता आणि दुसरा कानांनी. कोणा तज्ज्ञाच्या आधी त्या माउलीने दुखणे ओळखले होते असे आमचे मत आहे. शाळा सुटली नाही. पुढचे तपशील ओघाने येतीलच.

अशा मुलांच्या खुणा घरच्या माणसांना दिसण्यासारख्या असतात. निवांत जागी समोरासमोर बोलले तर समजते, गलक्यात समजत नाही. "आँ?", "काय?" असे वरचेवर विचारतात. प्रश्न विचारला की उत्तर थोडे उशिरा येते, तोवर विचारणारा चिडलेला असतो. "छपरातली दोरी घे, मोटर बंद कर आणि येताना वैरण आण" असे तीन कामांचे एक वाक्य टाकले की पहिले तरी होते नाहीतर शेवटचे तरी. दोरी मागितली तर गोणी घेऊन येतात आणि मार खातात. हाक कुठून आली हे कळत नाही, भलतीकडेच बघतात. फोनवरचे बोलणे नकोसे वाटते, कारण तिथे चेहरा दिसत नाही. लग्नाच्या मांडवात, बँडजवळ कान झाकून घेतात. शाळेतून आल्यावर विनाकारण थकलेली आणि चिडचिडी असतात. दिवसभर शब्दांच्या मागे धावून थकलेली असतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगा असेल तर निदान तक्रार तरी होते. मुलगी अशी असेल तर ती गप्प बसते आणि "आमची बाई फार शांत, गुणाची" म्हणून तिचे कौतुक होते. मुलींच्या बाबतीत आया-बहिणींनी जरा जास्तच डोळे उघडे ठेवावेत.

यांतली एखाद-दुसरी खूण कोणत्याही पोरात सापडेल. म्हणून लगेच घाबरू नये. पुष्कळशा खुणा एकत्र, बरेच महिने आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसत असतील, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

तपासणीत पहिला मान कानाचाच. काटा नीट आहे की नाही हे पाहिल्याशिवाय आतल्या खात्यांवर ठपका ठेवायचा नाही. आपल्या भागात कान वाहणे हे पोरांचे अगदी नेहमीचे दुखणे. सर्दी झाली, कान ठणकला, वाहिला, आठ दिवसांत थांबला, की आपण विसरतो. पडद्यामागे पाणी साचून राहिले तर दुखत नाही, वाहत नाही, पण ऐकू कमी येते आणि तेही कधी जास्त, कधी कमी. अशा पोरालाही "मनाला येईल तेव्हा ऐकतो" असेच म्हटले जाते. यावर उपचार आहेत आणि ते वेळेवर झाले पाहिजेत. कानात गरम तेल, पाल्याचा रस, काडी, हेअरपिन यांपैकी काहीही घालू नये. हे वाक्य जाड ठशात छापावे असे आम्हांला वाटते.

आणि हे केवळ आपल्या पोरांपुरते नाही. हंगामात आपल्याच शिवारात तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. थंडीवाऱ्यात, धुळीत राहणाऱ्या त्या पोरांचे कान वाहत असताना आपण रोज पाहतो. आपला ऊस तोडणाऱ्या माणसाचे पोर आहे, तर जवळच्या आरोग्य केंद्राची वाट त्याला दाखवणे हे सभासदांचेच काम.

लहानपणी दीर्घकाळ वाहिलेल्या कानाचा परिणाम कान बरा झाल्यावरही उरू शकतो. ऑस्ट्रेलियात तिथल्या आदिवासी मुलांत कानाचे विकार फार. तिथल्या नॅशनल ॲकॉस्टिक लॅबोरेटरीज या संस्थेतील शॅरन कॅमेरॉन आणि हार्वे डिलन यांनी अशा मुलांची तपासणी केली. कानाची ताकद भरून आली तरी, समोरचे बोलणे बाजूच्या गलक्यातून वेगळे काढण्याची हातोटी काही मुलांत कमी राहिलेली त्यांना दिसली. दोन्ही कानांनी मिळून आवाजाची दिशा पकडायला शिकण्याच्या वयात एक कान बुजलेला राहिला, तर मेंदूचा तो अभ्यास अपुरा राहतो, असा याचा अर्थ लावला जातो.

हा सगळा विषय डॉक्टरांच्या ध्यानात कसा आला, तेही पाहण्यासारखे आहे. इटलीत १९५४ च्या सुमारास बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे मेंदूच्या कानशिलाकडील भागात गाठ असलेले रुग्ण येत. कानाची नेहमीची तपासणी केली की ती निर्दोष निघे, पण रुग्ण म्हणत, "बोलणं नीट कळत नाही." त्यांनी मग साधे सूर ऐकवण्याऐवजी मुद्दाम बिघडवलेले, बारीक पट्टीचे ध्वनी काढून टाकलेले शब्द ऐकवले. निरोगी माणूस अंदाजाने ते जुळवून घेई, या रुग्णांना ते गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने जमेना. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५३ साली, कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न मांडला होता. अनेक जण एकदम बोलत असताना माणूस एकाचेच बोलणे कसे ऐकतो? त्याने दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडून प्रयोग केले. पुढे १९६१ मध्ये कॅनडात डोरीन किमुरा यांनी एका कानात एक आकडा आणि त्याच क्षणी दुसऱ्या कानात दुसरा आकडा अशी कसोटी वापरली. उजव्या कानाचे आकडे जास्त बरोबर येतात असे दिसले. कारण बहुतेक माणसांत भाषेचे मुख्य काम मेंदूच्या डाव्या अंगाला चालते आणि कानाकडून निघालेल्या मुख्य वाटा एकमेकींना ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात. डाव्या कानातले बोलणे आधी उजव्या अंगाला आणि तिथून मधल्या पुलावरून डाव्या अंगाला येते. लहान मुलांत हा पूल पुरता तयार झालेला नसतो. काहींचा तो रेंगाळतो.

आजच्या कसोट्या याच घराण्यातल्या आहेत. दोन कानांत दोन आकडे, गलक्यात मिसळलेली वाक्ये, उंच-नीच सुरांचा क्रम सांगणे, दोन आवाजांमधली बारीकशी फट ओळखणे. नेहमीच्या कान-तपासणीत हे येत नाही. त्या तपासणीत पोराला बंद, शांत खोलीत बसवून बारीक सूर ऐकवतात, आणि शांत खोलीत या मुलांचे सगळे ठीकच असते. मेंदूच्या या वाटा पक्क्या व्हायला वेळ लागत असल्याने साधारण ७ वर्षांच्या आत या कसोट्यांवरून निदान करीत नाहीत. कसोट्या घेण्याचे काम ऑडिऑलॉजिस्टचे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचे. बोलण्यावरची कसोटी पोराच्या घरच्या भाषेत आहे की नाही, हे पालकांनी आवर्जून विचारावे. इंग्रजी वाक्यांवर मराठी पोराला नापास करण्यात काही अर्थ नाही.

इथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. या विकाराविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते तो स्वतंत्र विकार आहे. काहींच्या मते यातल्या अनेक मुलांची खरी अडचण लक्ष टिकण्याची, भाषेची किंवा स्मरणाची असते. ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी ६ ते ११ वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलांची पाहणी करून २०१० साली असा निष्कर्ष मांडला, की ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध आवाज ओळखण्यापेक्षा लक्ष आणि आकलनाशी जास्त आहे. वाचन-लेखनाची अडचण, चंचलपणा आणि ही अडचण एकाच पोरात एकत्रही नांदतात. म्हणून एकाच तज्ज्ञाच्या कागदावर न थांबता वाचा-उपचार तज्ज्ञ आणि गरजेप्रमाणे बालरोग किंवा मानसतज्ज्ञ यांनाही दाखवावे. आमचे मत विचाराल तर, नावाचा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. उसावर तांबेरा आहे की ठिपके हे ठरेपर्यंत पाणी बंद ठेवून कसे चालेल? पोराला गलक्यात समजत नाही एवढे खरे असेल, तर गलका कमी करणे आजच सुरू करता येते. त्याने कोणत्याही पोराचे नुकसान होत नाही.

घरी काय करावे, ते त्या सहावीतल्या पोराच्या घरी जसे घडले तसेच सांगतो. पहिला बदल असा, की लांबून ओरडून सांगणे बंद. माडीवरून, परसातून, ट्रॅक्टरवरून नाही. जवळ जायचे, नाव घ्यायचे, त्याने तोंडाकडे पाहिले की मग बोलायचे. आवाज चढवून उपयोग होत नाही, उलट शब्द फाटतात. सावकाश, पण नेहमीच्या सुरात बोलावे. जेवताना टीव्ही बंद झाला. सुरुवातीला आजोबांची कुरकुर झाली, बातम्या बुडाल्या म्हणून. मग बातम्या जेवणानंतर गेल्या. एका वेळी एकच काम सांगायचे. ते जमू लागले की दोन. "समजलं का?" हा प्रश्न सोडून दिला, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो" असेच येते. त्याऐवजी "काय करणार आहेस, सांग बरं" असे विचारायचे. चुकीचे ऐकले असेल तर तिथेच कळते आणि पुढची धावपळ वाचते. तेच वाक्य पुन्हा तसेच म्हणण्यापेक्षा शब्द बदलून म्हणावे. 'दोरी' नाही कळली तर 'वासराला बांधायचा दावा' म्हणा. मेंदूला दुसरी वाट मिळते.

उत्तराला वेळ द्यायचा. हे ऐकायला सोपे, करायला फार अवघड. मनात पाचपर्यंत मोजावे, असे आम्ही सुचवतो. शाळेतून आल्यावर अर्धा तास काही विचारायचे नाही, सांगायचे नाही, खेळू द्यायचे. अभ्यास ज्या खोलीत, तिथे मिक्सर, पिठाची चक्की, मोबाइलचे आवाज नकोत. आणि धपाटा बंद. न ऐकल्याबद्दल मार खाल्लेले पोर पुढे ऐकल्याचे सोंग करायला शिकते, आणि मग खरे काय ते कोणालाच कळत नाही.

जुन्या घरांतले काही खेळ इथे फार कामाचे आहेत. शेवटच्या अक्षरावरून भेंड्या, कोडी, आजीची गोष्ट ऐकून ती परत सांगणे, डोळे बांधून आवाजाच्या दिशेने जाणे, टाळ्यांचा ताल ऐकून तसाच वाजवणे. भजनात टाळ धरायला बसवले तरी ताल आणि क्रम यांचा सराव होतो. याने विकार बरा होतो असा दावा कोणी करू नये, पण ऐकण्याची गोडी लागते आणि पोर माणसांत मिसळते.

शाळेत पहिली गरज बसायच्या जागेची. आवाजाचा हिशेब असा, की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. गुरुजींपासून १ मीटरवर जो आवाज मिळतो, त्यापेक्षा ४ मीटरवर तो १२ डेसिबलने कमी. खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज थोडी भर घालतो, पण तो घुमलेला, शब्द पुसट करणारा असतो. वर्गात शिक्षकाचा आवाज बाकीच्या गलक्यापेक्षा किमान १५ डेसिबलने वर असावा असे या विषयातील जाणकार सांगतात. पत्र्याचे छप्पर, उघड्या खिडक्या आणि बाहेर उसाचे ट्रॅक्टर, असा आपल्याकडचा वर्ग. तेव्हा पोराला पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून आतल्या बाजूला, गुरुजींचा चेहरा दिसेल असे बसवावे. गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहावा. नवा धडा शिकवण्याआधी त्यातले अवघड शब्द पोराला घरी वाचून जाता आले, तर वर्गात ते ओळखीचे वाटतात. शेजारी एखादा समंजस सोबती असावा, राहिलेला शब्द त्याच्या वहीत पाहता येतो. बाकांच्या पायांना जुन्या ट्यूबचे रबर, भिंतीला जाड कापड किंवा गोणपाट, खिडकीला पडदा, एवढ्यानेही घुमणे कमी होते. गावच्या शाळा समितीवर बसणाऱ्या आपल्या सभासदांनी हा खर्च मनावर घेतला तर तो फार नाही, आणि त्याचा लाभ सगळ्याच वर्गाला होतो.

शिक्षकांच्या गळ्यात छोटा मायक्रोफोन आणि पोराच्या कानाशी छोटा रिसीव्हर, अशी साधनेही असतात. त्यांनी शिक्षकाचा आवाज गलक्याच्या वर थेट पोहोचतो. ती महाग पडतात आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. साधे श्रवणयंत्र मात्र केवळ "ऐकत नाही" म्हणून दुकानातून आणून बसवू नये. ते गलकासुद्धा मोठा करते. दोन कानांचा तोल सुधारणारे, गलक्यातून बोलणे निवडायला शिकवणारे सरावही आहेत. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियातील जोडीनेच असा एक संगणकावरचा सराव बनवला आहे. काही मुलांना त्याचा गुण येतो, सगळ्यांना येतो असे नाही. यावर औषधाची गोळी नाही. कोणी बुद्धिवर्धक पाक, कानाची जादूची थेंबे किंवा हजारो रुपयांचा "खात्रीचा कोर्स" विकायला आला, तर त्याला नुसता चहा पाजून वाटेला लावावे.

आता जायचे कुठे? शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक शाळेत आणि अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला येते. कानाचे विकार, ऐकण्यातील दोष आणि शिकण्यातील अडचणी या तिन्ही गोष्टी त्या तपासणीत बसतात. पथक येणार त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि शक्य तर स्वतः शाळेत जाऊन आपली शंका सांगा. तिथून जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. मोठ्या तपासणीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या राज्याचे एके काळचे राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था त्याहून जुनी, १९६५ ची. शिक्षकांनी भरावयाची १२ प्रश्नांची एक सोपी यादी तिथल्या अभ्यासकांनी तयार केलेली आहे. कोणत्या पोराला पुढे तपासणीला पाठवावे हे तिच्यावरून ठरवता येते.

सवलतींविषयी सभासद विचारतात, म्हणून लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. श्रवण-प्रक्रिया विकार असा वेगळा प्रकार त्यांत नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. पोराला तीही असल्याचे निदान झाले आणि योग्य ठिकाणचे प्रमाणपत्र मिळाले, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती लागू होतात. त्यासाठी दहावीचे वर्ष उजाडेपर्यंत थांबू नये, कारण नंतर धावपळ होते.

तपासणीला जाताना जन्माच्या वेळचे कागद असतील तर बरोबर न्यावेत. दिवस भरण्याआधी जन्म, जन्मतः श्वास कोंडणे, जास्त झालेली कावीळ, मेंदूज्वर, डोक्याला मार आणि कान किती वेळा वाहिला, हे सगळे विचारले जाते. शाळेच्या दोन वह्याही पिशवीत टाका, एक फळ्यावरून उतरवलेली आणि एक श्रुतलेखनाची. त्या सहावीतल्या पोराच्या आईने तेच केले होते. तपासणाऱ्या बाईंनी आधी वह्याच उघडून शेजारी-शेजारी ठेवल्या. पोरगं आता आठवीत आहे. श्रुतलेखनात अजून चुका होतात. गणितात मात्र वर्गात दुसरा आला, आणि घरचा ठिबकचा हिशेब तोच ठेवतो.